एकाच गठ्ठ्यातले चार पाय: तीन कुजले, एक ठणठणीत. असं का?

हौशी_सुतार

नमस्कार मंडळी. सहा वर्षांपूर्वी घराबाहेर ठेवायला एक बाक केला होता. लागवडीच्या पाइनचे चार चौरस पाय. चारही एकाच गठ्ठ्यातले, एकाच दिवशी कापलेले, एकाच डब्यातलं जवसाचं तेल पाजलेले. पाय थेट मातीवर टेकवले होते. (हो, माहीत आहे. शिव्या नंतर घाला.)

मागच्या आठवड्यात बाक सरकवायला गेलो आणि तीन पायांनी मातीपासून बोटभर उंचीवर मान टाकली. कडाडून मोडले असते तरी समजलो असतो, पण आवाजसुद्धा झाला नाही. आत तपकिरी, आडव्या-उभ्या भेगांनी चौकोनी तुकडे पडलेले; चिमटीत धरले की भुकटी. वाळवी नाही, माती नाही, बोगदे नाहीत. चौथ्या पायावर मात्र पटाशी ठोकली तर टणटण आवाज!

लाकूड जिथून घेतलं तिथे विचारलं. उत्तर मिळालं, "लागवडीचं झाड भराभर वाढतं, ते कुजणारच." बरं, मान्य. मग या चौथ्याला कुणी सांगितलं नाही का?

तिरकस

लागवडीचं लाकूड म्हणजे ब्रॉयलर कोंबडी. जंगलातलं ते जंगलातलं. चौथा पाय हा निव्वळ योगायोग. धागा बंद करायला हरकत नाही. :)

पाचर

बंद कशाला? आत्ता तर सुरू झालाय.

हौशी_सुतार, चारही पायांची टोकं करवतीनं स्वच्छ कापा, रंधा मारा, ओल्या फडक्यानं पुसा आणि त्या आडव्या छेदांचे फोटो टाका. माझी पैज: चौथा पाय लालसर असेल आणि बाकीचे फिकट पिवळे. चाळीस वर्षं रंधा मारतोय. पाइनचं लाकूड हातात आलं की मी आधी त्याचं टोक बघतो. गाभ्याचं आहे की सालीकडचं, एवढंच बघायचं असतं. सालीकडचं पांढरं लाकूड बाहेर उघड्यावर लावणं म्हणजे बुरशीला पाट मांडून बसवणं.

रोपवाटिका

पाचर यांच्याशी सहमत, तिरकस यांच्याशी निम्मा. 'भराभर वाढतं म्हणून कुजतं' हे वाक्य इतकं सर्रास ऐकू येतं की जरा सविस्तर लिहितो.

जिवंत झाडात बाहेरचा भाग, म्हणजे रसकाष्ठ, पाणी वर नेतो. त्यातल्या काही पेशी जिवंत असतात आणि त्यांत पिष्टासारखा साठा असतो. झाड जाड होत गेलं की आतली जुनी वलयं हळूहळू निवृत्त होतात. पण निवृत्त होण्याआधी त्या जिवंत पेशी शेवटचं एक काम करतात: जवळचा साठा खर्च करून फिनॉलं, टर्पिनं अशी बुरशीला न मानवणारी द्रव्यं बनवतात आणि ती आसपासच्या लाकडात मुरवून मरतात. ते झालं मध्यकाष्ठ, आपला गाभा. लाकडाची कूज रोखण्याची नैसर्गिक ताकद जी काय असते ती जवळपास सगळी इथेच. रसकाष्ठात ती कुठल्याच जातीत नसते. देवदारासारख्या टिकाऊ झाडाचंही सालीकडचं लाकूड कुजतंच.

आता लागवड. गाभा धरायला झाडाला वय लागतं. उत्तर युरोपातला स्कॉट्स पाइन साधारण तिशी-चाळिशीत गाभा धरायला लागतो. रेडिएटा पाइन घाईचा, बारा-पंधरा वर्षांत सुरुवात करतो. पण तो तोडलाच जातो २५ ते ३० वर्षांत. म्हणजे ओंडक्यात गाभा असतो मधोमध थोडासाच आणि त्याभोवती पांढऱ्या लाकडाची जाड गादी. शंभर-दीडशे वर्षांच्या जंगली झाडात हेच प्रमाण उलटं. त्यामुळे 'लागवडीचं कुजतं' हे दिसायला खरं, पण त्यात वेगाचा दोष कमी. कोवळ्या वयात तोडल्याचा दोष जास्त. वलयं रुंद आहेत की अरुंद, यावरून सूचिपर्णी लाकडाच्या टिकाऊपणाचा अंदाज बांधणं फारसं जमत नाही. घनतेवरूनही नाही. जड लाकूड मजबूत असेल, पण बुरशी वजनकाटा घेऊन येत नाही.

अमेरिकी वनखात्याच्या लाकूडविषयक हँडबुकमध्ये रेडवुड आणि बाल्ड सायप्रस यांच्या दोन-दोन नोंदी आहेत. जुन्या जंगलातलं वरच्या गटात, नव्या वाढीचं 'मध्यम प्रतिकारक' गटात. जात तीच. आणि ती नोंद गाभ्याचीच आहे बरं, रसकाष्ठाची नव्हे. म्हणजे नव्या झाडाचा गाभाही जुन्याच्या गाभ्याइतका तयारीचा नसतो.

तिरकस

म्हणजे मी निम्मा बरोबर होतो. निम्म्यावरही समाधान आहे.

पण मला शाळेपासून सांगितलंय की पाइन टिकतो तो राळेमुळे. तुम्ही राळेचं नावही काढलं नाहीत?

कवकवेडी

राळ म्हणताच धावत आले. हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. चहा घेऊन बसा.

आधी गुन्हेगार. हौशी_सुतार यांनी लिहिलेलं 'तपकिरी, चौकोनी, भुकटी' हे तपकिरी कुजीचं पुस्तकी वर्णन आहे. सूचिपर्णी लाकडावर हीच कूज जास्त करून पडते. कोनिओफोरा प्युटेआना, ग्लिओफिलम, घरांच्या तळघरांत कुप्रसिद्ध असलेली सर्प्युला लॅक्रिमान्स, ही सगळी त्याच टोळीतली. या बुरशा सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज खातात आणि लिग्निन बरंचसं मागे ठेवतात. तपकिरी रंग त्या उरलेल्या लिग्निनचा.

गंमत अशी की त्यांची विकरं पेशीभिंतीत शिरायला आकारानं फार मोठी असतात. मग त्या आधी चिल्लर पुढे पाठवतात: ऑक्झॅलिक आम्ल, लोहाला पकडणारे छोटे रेणू आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. लोह आणि पेरॉक्साइड भिंतीच्या आत भेटले की फेंटन अभिक्रिया होते आणि त्यातून निघणारं हायड्रॉक्सिल मूलक समोर येईल त्या साखळीचे तुकडे करतं. म्हणूनच लाकूड वरून धडधाकट दिसत असताना आतून गेलेलं असतं. वजन पाच-दहा टक्के घटेपर्यंत ताकद निम्म्याहून अधिक गेलेली असू शकते. तुमचे पाय आवाज न करता मोडले ते यामुळे. आवाज करायला लांब धागे शिल्लकच नव्हते.

आता गाभ्यातली रसायनं काय करतात बघा. वेस्टर्न रेड सीडरमध्ये थुजाप्लिसिनं असतात. त्यातलं एक, बीटा-थुजाप्लिसिन, म्हणजेच हिनोकिटिऑल. १९३६ मध्ये तेत्सुओ नोझोए या जपानी रसायनज्ञांनी ते तैवानी हिनोकी या सूचिपर्णी झाडाच्या तेलातून वेगळं काढलं. आधी त्यांच्या हाती लागला होता एक लाल रंगाचा पदार्थ, आणि तो निघाला याच रेणूचा लोहाशी झालेला संयोग. म्हणजे हे द्रव्य लोहाला घट्ट धरून ठेवतं. आणि तपकिरी कुजीला नेमकं काय लागतं? लोह. विष तर ते आहेच, पण शत्रूची रसदही तोडतं. (अवांतर: नावात हिनोकी असलं तरी जपानी हिनोकीत हे द्रव्य जेमतेम सापडतं. नावावर जाऊ नका.)

पाइनमध्ये हे काम करतात पिनोसिल्विन आणि त्याचा मिथिल ईथर. याचा शोध तर आणखी मजेशीर. कागदाच्या लगद्यासाठी सल्फाइट पद्धतीनं लाकूड शिजवताना पाइनचा गाभा शिजायचाच नाही. का शिजत नाही, याच्या मागे लागून होल्गर एर्टमान या स्वीडिश रसायनज्ञानं १९३९ मध्ये पिनोसिल्विन शोधलं. ते लिग्निनला चिकटून बसतं आणि लगदा होऊ देत नाही. गिरणीची डोकेदुखी तीच झाडाची ढाल.

आणि राळ? तिरकस, राळेचं मुख्य काम जखम बुजवणं. लाकडात ती भरपूर असेल तर पाणी आत शिरायला वेळ लागतो, तेवढा फायदा खरा. राळेनं गच्च भरलेली पाइनची खुंटं वर्षानुवर्षं तशीच राहतात हेही खरं. पण साध्या फळीतल्या राळेवर भिस्त ठेवू नका. चीर पाइन राळेसाठीच प्रसिद्ध आहे, तरी त्याचं लाकूड उघड्यावर टिकाऊ मानत नाहीत. फिनलंडमध्ये एकाच वयाच्या, एकाच जागी वाढलेल्या स्कॉट्स पाइनच्या गाभ्याचे नमुने कोनिओफोराला खायला घालून पाहिले, तर झाडाझाडांत खूप फरक निघाला. टिकणाऱ्या झाडांत फिनॉलं जास्त होती. आणि हा गुण काही प्रमाणात आनुवंशिक आहे, म्हणजे निवड करून वाढवता येण्यासारखा.

शून्यगाठ

जबरदस्त प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

नॉर्वेतली स्टेव्ह चर्च, म्हणजे ती उभ्या खांबांची मध्ययुगीन लाकडी चर्च, पाइनचीच ना? त्यातलं बोरगुंडचं बाराव्या शतकाच्या अखेरचं. असं वाचलं होतं की झाड उभं असतानाच शेंडा छाटत, साल खरवडत आणि काही वर्षं तसंच ठेवत, म्हणजे सगळी राळ लाकडात उतरे. मग राळच जिंकली की!

रोपवाटिका

गोष्ट छान आहे आणि खरवडल्यावर राळ वाढते हेही बरोबर. पण त्या चर्चचं श्रेय एकट्या राळेला देऊ नका. एक, निवडलेली झाडं म्हातारी आणि गाभ्यानं भरलेली. दोन, वर तीव्र उताराची छपरं, डांबराचे लेप. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं, खांब मातीत न पुरता दगडी पायावरच्या आडव्या तुळयांवर उभे केले. त्याआधीच्या पिढीतली चर्च खांब जमिनीत गाडून बांधली होती. त्यांचे आज खड्डेच सापडतात. लाकूड त्याच देशातलं, त्याच जातीचं.

पाचर

घ्या! आठशे वर्षांपूर्वीच्या सुताराला कळलं ते आपल्या बाकवाल्याला कळलं नाही. (मस्करी हो, हौशी_सुतार. आम्हीही पहिला बाक असाच केला होता.)

हौशी_सुतार

शिव्या स्वीकारल्या. छेद घेतले. फोटो चढत नाहीयेत, त्यामुळे शब्दांत सांगतो.

पाय १ आणि ३: पूर्ण फिकट. लाल काहीच नाही.
पाय ४: लालसर, फक्त एका कोपऱ्यात फिकट त्रिकोण. पाचर, पैज जिंकलात.
पाय २: इथे गडबड आहे. हासुद्धा बऱ्यापैकी लालसर आहे! मधोमध झाडाचा अगदी केंद्रबिंदू दिसतो, भोवती मोठाली रुंद वलयं, आणि केंद्रापासून एका बाजूला थेट बाहेरपर्यंत भेग. तरी हा कुजला. उलट आतूनच जास्त कुजलाय. गाभा टिकतो म्हणालात ना?

तिरकस

वकीलसाहेब, साक्षीदार फुटला.

कवकवेडी

फुटला नाही, उलट सगळ्यात कामाचा साक्षीदार हाच आहे.

गाभा सगळीकडे सारखा नसतो. सर्वांत टिकाऊ पट्टा असतो बुंध्याकडच्या गाभ्याचा बाहेरचा भाग, म्हणजे रसकाष्ठाला लागून असलेला. तिथून केंद्राकडे जावं तशी संरक्षक द्रव्यं कमी होत जातात. केंद्राजवळचं लाकूड झाडानं बालपणी घातलेलं असतं. ते गाभ्यात बदललं तेव्हा झाड कोवळं होतं आणि त्याची रसायनं बनवण्याची कुवतही कमी होती. शिवाय जी होती तीही वर्षांगणिक विरत जातात. लागवडीच्या छोट्या ओंडक्यात जो काही गाभा मिळतो तो बहुतेक असाच, बाळगाभा म्हणा हवं तर.

त्यात तुमची भेग. केंद्रबिंदू आत ठेवून कापलेला चौरस सुकताना तडकतोच, आणि ती भेग पावसाचं पाणी नेमकं सगळ्यात दुबळ्या जागी नेऊन सोडते.

रोपवाटिका

यात भर घालतो. टिकाऊपणाचे वर्ग वाचताना लोक फसतात ते इथेच. युरोपीय मानक ईएन ३५० मध्ये बुरशीसाठी पाच वर्ग आहेत. १ म्हणजे अतिटिकाऊ, ५ म्हणजे न टिकणारं. स्कॉट्स पाइन आणि लार्च यांना ३ ते ४, स्प्रूसला ४ ते ५. वेस्टर्न रेड सीडर उत्तर अमेरिकेतला असेल तर २, ब्रिटनमध्ये लावलेला असेल तर ३. डग्लस फरचंही तसंच: मूळ मुलखातला ३, युरोपात लावलेला ३ ते ४. हे सगळे आकडे गाभ्याचे. रसकाष्ठ, वेगळं सिद्ध झालेलं नसेल तर, सरसकट ५.

प्रयोगशाळेत ठोकळे बुरशीसोबत १६ आठवडे ठेवतात आणि वजन किती घटलं ते मोजतात. ५ टक्क्यांपर्यंत घट असेल तर वर्ग १, ३० टक्क्यांच्या वर गेली की वर्ग ५. शेतात करतात ती चाचणी वेगळी. अर्धा मीटर लांबीच्या पट्ट्या निम्म्या मातीत गाडायच्या आणि त्या किती वर्षं तग धरतात ते पाहायचं. तुलना कशाशी, तर सूचिपर्णी लाकडासाठी पाइनच्या रसकाष्ठाशी. त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त टिकलं तर पहिला वर्ग. म्हणजे हौशी_सुतार, तुमचे १ आणि ३ नंबरचे पाय ही जगभरची मोजपट्टी आहे. शून्याची खूण तिथेच असते.

शून्यगाठ

स्प्रूस ४ ते ५? पण स्प्रूसच्या फळ्या भिंतीला बाहेरून लावलेल्या पन्नास-साठ वर्षं टिकलेल्या असतात की. त्या कशा?

पाचर

कारण त्या भिजतात आणि वाळतात. मातीत नसतात.

स्प्रूस सुकला की त्याच्या पेशींमधल्या झडपा मिटतात. मग पाणी आत शिरायला फार वेळ लागतो, आणि थोडंफार शिरलं तरी ऊन-वाऱ्यानं निघून जातं. बुरशीला लाकूड नुसतं ओलं नको असतं, बराच काळ ओलं हवं असतं. वीस टक्क्यांच्या खाली ओल राहिली तर साधी काडीही कुजत नाही. खरी मजा तिला तिशीच्या आसपास आणि वर येते. त्यामुळे रसायन नसलं तरी पाणी न पिणारं लाकूड निभावून नेतं. याच्या उलट पाइनचं पांढरं लाकूड: स्पंज. टोक पाण्यात ठेवा, चढताना दिसेल.

पण हाच स्पंज औषध पाजायला सर्वांत चांगला! दाबाखाली तांब्याची औषधं पाजतात ना, ती पांढऱ्या लाकडात आरपार जातात आणि गाभ्यात शिरतच नाहीत. म्हणजे औषध पाजलेल्या खांबात बाहेरचं पांढरं लाकूड हेच सगळ्यात टिकाऊ होऊन बसतं. आणि लोक काय करतात, तो खांब कापतात, उघडा पडलेला कोरा गाभा मातीत घालतात आणि मग कंपनीच्या नावानं बोटं मोडतात. कापलेलं टोक वरच ठेवा, बाबांनो.

रोपवाटिका

+१. रेडिएटा पाइनवर न्यूझीलंडचा अख्खा बांधकाम धंदा उभा आहे तो याच स्पंजपणावर. १९९८ नंतर काही वर्षं तिथे भिंतींच्या सांगाड्यासाठी नुसतं भट्टीत सुकवलेलं, औषध न पाजलेलं रेडिएटा वापरायला परवानगी होती. हिशेब असा की भिंतीच्या आत पाणी जाणारच नाही. पाणी गेलं. गळक्या घरांचं ते प्रकरण पुढे इतकं वाढलं की २००४ पासून पुन्हा औषधाची अट आली.

आता तर ऍसिटिलेशन करून, म्हणजे लाकडातले पाण्याला धरणारे हायड्रॉक्सिल गट झाकून टाकून, त्याच रेडिएटाला वर्ग १ पर्यंत नेतात. त्यात विष काहीच नाही. बुरशीला लागतं तेवढं पाणी पेशीभिंतीत मावतच नाही, एवढंच.

तिरकस

बरं, हरलो. मग मला सांगा, दुकानात उभा राहून गाभ्याची फळी कशी ओळखायची? प्रत्येक फळीला रंधा मारू देतील असं वाटत नाही.

पाचर

ताजी कापलेली असेल तर रंगावर जाऊ नका, पाइनचा गाभा उजेडात राहून लाल होतो. टोक बघा. वलयांचा बाक बघा. घट्ट वळण असेल तर फळी केंद्राजवळची, हलकं वळण असेल तर बाहेरची. निळसर भुऱ्या रेघा दिसल्या तर तो भाग नक्की पांढरा. ती निळी बुरशी लाकूड कुजवत नाही, पण ती येते रसकाष्ठातच, म्हणजे फुकटची खूण. स्प्रूसमध्ये मात्र रंगानं काही कळत नाही, तिथे माझाही पास.

कवकवेडी

आणि ओला ओंडका असेल तर पाणीच सांगतं. ताज्या पाइनच्या रसकाष्ठात कोरड्या वजनाच्या शंभर टक्क्यांहून जास्त पाणी असतं, गाभ्यात तीस-चाळीस टक्के. मोठ्या गिरण्यांत क्ष-किरणांनी ओंडका न कापताच गाभा मोजतात ते याच फरकावर.

हौशी_सुतार

शेवटचा अहवाल. चौथा पाय तळापासून इंच-इंच कापत गेलो. तो फिकट त्रिकोणाचा कोपरा आठवतो? मातीजवळ तो पूर्ण कुजलेला आहे. नखानं उकरत गेलो आणि लाल लाकूड लागलं तिथे नख थांबलं. सीमा इतकी नेमकी की पट्टी ठेवून आखली असावी. अर्ध्या इंचाच्या त्या कापावर एका बाजूला भुकटी, दुसऱ्या बाजूला रंध्याची ताजी चमक. राळेचा वास अजून येतोय.

काप जपून ठेवलाय. नवे पाय करतोय, या वेळी प्रत्येकाखाली दगड. तेल राहिलंय अर्धा डबा, ते चालेल का?

पाचर

दगडाला लावा.